अस्मिताच्या उजव्या पायातला बूट

मित्रांनो, मी टेनिसचा एक जुना बूट आहे. उजव्या पायाचा. माझा डावा भाऊ इथेच माझ्या शेजारी आहे, पण तो पहिल्यापासून अबोल. त्यामुळे दोघांची कहाणी मलाच सांगावी लागते. आमचा मुक्काम बदलापूर पूर्वेला, एका उंच इमारतीत, दाराबाहेरच्या चपलांच्या रॅकवर असतो. माझा पांढरा रंग आता पांढरा राहिलेला नाही. टाचेकडचे कापड विरले आहे. अंगठ्याखाली सोल इतका झिजला आहे की जमीन ओली असली तर मला आणि पायाला ते एकदमच कळते. तरी मला बघून नाक मुरडू नका. मीही कधीकाळी कोरा करकरीत होतो, आणि कुणीतरी मला निवडावे म्हणून झुरत होतो.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे पायाच्या आकाराचे साचे असतात आणि बुटाचा वरचा भाग त्यावर ताणून बसवतात. बहुतेक साचे पुढे निमुळते होते. माझा साचा मात्र चांगला रुंद होता. माझा सोल सपाट आणि टणक केला, आणि दोन्ही कडांना जाड आधार शिवला. त्याचे कारण असे की टेनिस खेळणारा पाय नुसता पुढे धावत नाही. तो डावीकडे झेपावतो, उजवीकडे वळतो, मध्येच करकचून थांबतो. अशा वेळी त्याला कडेने धरून ठेवायचे, हे माझे काम. पण कारखान्यात काम सांगतात, ज्याच्यासाठी काम करायचे तो पाय कुठे भेटेल ते कुणी सांगत नाही.

मी खोक्यात बसून उल्हासनगरला आलो. तिथल्या कॅम्प नंबर तीन नावाच्या वस्तीतल्या एका गजबजलेल्या गल्लीत मुकेशशेठचे दुकान होते. वरच्या मजल्यावर जीन्स शिवण्याचा कारखाना. दिवसभर मशीनची घरघर छतातून खाली झिरपायची. मुकेशशेठ सिंधी, पण गिऱ्हाईक ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत बोलायचे, आणि गिऱ्हाइकाने अर्ध्यात भाषा बदलली तर तेही बदलायचे. त्यांनी मला सगळ्यात वरच्या फळीवर ठेवले. अधूनमधून काढून पुसायचे, कुणाच्या तरी पायात घालायचे आणि पुन्हा वर ठेवायचे.

कितीतरी पाय माझ्यात येऊन गेले. एखाद्या संकोची पाहुण्यासारखे ते एका कोपऱ्यात बसायचे. माझी बाकीची जागा रिकामीच. "ढिला आहे," कुणी म्हणायचे. एका कॉलेजच्या मुलीने तर मैत्रिणीला हसत सांगितले, "ए, हा बूट बघ, बदकाचा आहे वाटतं!" मी पुन्हा फळीवर गेलो. खालच्या फळीवरचे निमुळते, झगमगीत बूट भराभर घरी जायचे, त्यांच्या जागी नवे यायचे. मी सगळ्यांना येताना पाहायचो आणि जाताना पाहायचो. आपल्याला कुणी का नेत नाही, हे कळायला माझ्यापाशी पाय नव्हता.

एके दिवशी अस्मिता आली. सहावी-सातवीतली मुलगी, दोन वेण्या, खांद्याला टेनिसची रॅकेट, आणि सारखी टाचा उचलून उभी राहायची सवय. सोबत तिचे बाबा होते, नरेंद्र. ते एका कंपनीच्या ऑफिसात कामाला होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर कायम उशीर झाल्यासारखा भाव असायचा. अस्मिताने दुकानात शिरताच खालच्या फळीवरच्या एका जोडीकडे बोट दाखवले. पांढरा बूट, त्याला गुलाबी पट्टी, टाच उशीसारखी मऊ आणि उंच.

"बाबा, हेच! कसले भारी दिसतायत बघा ना."

"बेटा, हे पळायचे शूज आहेत," मुकेशशेठ म्हणाले. "तू टेनिस खेलती है ना? मग थांब, वो ऊपरवाला दाखवतो."

त्यांनी मला खाली घेतले आणि काउंटरवर ठेवले. अस्मिताने माझ्याकडे पाहिले. मी तिच्याकडे पाहिले. तिने नाक मुरडले.

"ई! हे तर बाबांच्या ऑफिसच्या बुटांसारखे दिसतायत."

"तिला आवडलेत तेच द्या," नरेंद्र म्हणाले. "फक्त एक नंबर मोठे. वाढता पाय आहे."

अस्मिताने गुलाबी पट्टीचे बूट घातले. तिचा पाय पुढे पंख्यासारखा पसरट होता. लांबीला तो बूट मोठा झाला, टाच आत सरकत होती. रुंदीला मात्र आवळत होता, करंगळीपाशी कापड फुगून आले होते. मला काउंटरवरून ते स्वच्छ दिसत होते. "कुठे लागत नाही ना?" बाबांनी विचारले. "नाही," ती पटकन म्हणाली. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. पण बूट ओरडत नाही. ती गेली, आणि मी फळीवर गेलो.

पुढचे सगळे मी नंतर, त्यांच्या घरात राहताना ऐकले. ते असे.

नरेंद्र आणि माया मुलीला घेऊन अंबरनाथ पश्चिमेहून बदलापूरच्या ह्या नव्या सोसायटीत राहायला आले होते. घरे विकताना माहितीपत्रकात टेनिस कोर्टचा मोठा फोटो होता. प्रत्यक्षात कोर्ट होते, पण तिथे टेनिस सोडून सगळे चालायचे. हळदीचे मांडव, मुलांचे क्रिकेट, आणि उन्हाळ्यात कुणाच्या तरी पापडांची चादर. चिंतामणीकाका नावाचे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ खालच्या मजल्यावर राहायला आले. त्यांनी फाटलेली जाळी शिवून घेतली, पांढऱ्या रेघा पुन्हा मारल्या आणि सकाळी मुलांना शिकवायला सुरुवात केली. हौसेने खूप मुले आली, कंटाळून बरीचशी गेली. अस्मिता राहिली. बॉल कितीही लांब असो, ती त्याच्यामागे धावायचीच.

असाच एक बॉल उजव्या कोपऱ्यात पडला. अस्मिता झेपावली. उंच, मऊ सोल कडेला कलला, सैल टाच बाहेर आली, आणि पाऊल मुडपले. घोट्याला प्लास्टर पडले.

प्लास्टर निघाले, पण नरेंद्रच्या मनातली भीती निघाली नाही. "झालं तेवढं टेनिस पुरे," ते म्हणाले आणि रॅकेट माळ्यावर टाकली. अस्मिता रडली नाही, भांडलीही नाही. ती रोज सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसायची. खाली दुसरी मुले खेळायची. बॉलचा टप्प, टप्प आवाज यायचा, आणि प्रत्येक आवाजाबरोबर तिचा चांगला पाय जमिनीवर हलायचा.

मग एके संध्याकाळी चिंतामणीकाका घरी आले. त्यांनी चहा घेतला आणि म्हणाले, "नरेंद्र, तिचे ते बूट जरा आणा बघू."

बूट आणले. काकांनी ते जमिनीवर ठेवून कडेने हलकेच दाबले. बूट होडीसारखा डुलला.

"हे सरळ रस्त्यावर पळायला उत्तम आहेत. पण आपली पोरगी सरळ कुठे पळते? ती आडवी पळते. चूक ना तिची, ना खेळाची. बूट चुकला."

"आणि पुन्हा पडली तर, काका?"

ह्यावर स्वयंपाकघरातून माया बाहेर आली. माया म्हणजे अस्मिताची आई. ती अंबरनाथला औषधे पॅक करण्याच्या कारखान्यात कामाला होती. पट्ट्यावरून खोकी सरकत असतात आणि बायका दिवसभर उभ्या राहून ती भरतात. पाय दुखणे म्हणजे काय, हे घरात तिच्याइतके कुणाला ठाऊक नव्हते.

"अहो, पडली तर उठेल," ती म्हणाली. "पण ती गॅलरीत बसून राहते ना, ते मला बघवत नाही. काका, बूट कसे घ्यायचे ते मला सांगा. मी नेते तिला."

काकांनी सांगितले. माया मन लावून ऐकत होती. नरेंद्र उठले, स्टूल घेतले आणि माळ्यावरची रॅकेट खाली काढून ठेवली.

अशी अस्मिता दुसऱ्यांदा मुकेशशेठच्या दुकानात आली. ह्या वेळी आईबरोबर, आणि मुद्दाम संध्याकाळी, कारण दिवसभर चालून पाऊल थोडे फुगते आणि खेळतानाही ते तसेच फुगते. तिने खेळायचे जाड मोजे घातले होते. मायाने घरी तिला जुन्या वर्तमानपत्रावर उभे करून दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवली होती. तो कागद तिने काउंटरवर पसरला.

मुकेशशेठ एकेक बूट त्या आकृतीवर ठेवू लागले. निमुळता बूट ठेवला की पेन्सिलीची रेघ दोन्ही बाजूंनी बाहेर राहायची. "देखो, इतना पाय बाहेर आहे, तो कहाँ जाएगा? आतच कोंबला जाईल." एक झाला, दुसरा झाला. मग त्यांची नजर वर गेली. माझ्याकडे.

मला रेघेवर ठेवले. रेघ माझ्याखाली नाहीशी झाली.

"आई, हेच ते ऑफिसवाले बूट," अस्मिता कुरकुरली.

"आधी घाल तर खरं. बसून नाही, उभी राहा."

अस्मिताचा उजवा पाय माझ्यात आला. मित्रांनो, तो क्षण कसा सांगू? तो पाय पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसला नाही. तो आला आणि घरच्यासारखा पसरला. मायाने वाकून माझे टोक दाबले. सगळ्यात लांब बोटापुढे तिच्या अंगठ्याएवढी जागा होती. मग टाच धरून हलवली. टाच जागची हलली नाही. उजवा पाय डाव्यापेक्षा किंचित मोठा निघाला, म्हणून मोठ्या पायाचा नंबर धरला. मुकेशशेठांनी माझ्या भावाला हातात घेऊन वाकवून दाखवले. तो चवड्यापाशी वाकला, मध्ये नाही. "बीच में मुडला ना, तर समजायचं बूट कच्चा आहे."

"आता उडी मार," माया म्हणाली. "आडवी."

अस्मिताने दुकानातल्या दुकानात उजवीकडे उडी मारली. मग डावीकडे. मी तिला कडेने धरले. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी धरले. ती थांबली. तिच्या चेहऱ्यावरचा रुसवा कुठल्या कुठे गेला.

"आई, बोटं हलतायत गं!"

त्या दिवशी मला कळले, की मी रुंद नव्हतोच. मी नेमका होतो.

"कब से बैठा था ये ऊपर," मुकेशशेठ मला खोक्यात ठेवताना म्हणाले. "चलो, याला घर मिळालं."

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस. सकाळी कोर्टवर सावली असताना आम्ही खाली उतरायचो. अस्मिता मला शाळेत किंवा बाजारात कधी नेत नसे. मी फक्त कोर्टचा. खेळून आली की ती नाडी पूर्ण सोडायची, मगच पाय काढायची, टाच तुडवून कधीच नाही. आतली गादी काढून वेगळी ठेवायची. आम्ही घामाने भिजलो असलो तर पोटात वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवायची, कारण कडक उन्हाने गोंद सुटतो. शनिवारी जुन्या ब्रशने आमची पाठ घासली जायची. मला गुदगुल्या व्हायच्या.

सर्व्हिस करताना ती उजव्या पायाचा अंगठा जमिनीवर घासत आणायची. त्यामुळे भावाआधी मी झिजू लागलो. मला त्याचा अभिमान वाटायचा. कोर्टच्या खरखरीत पाठीवर माझ्या रबराचे बारीक काळे ठिपके उमटायचे. ते तिच्या धावण्याचे अक्षर होते, आणि ते मी लिहीत होतो.

अंबरनाथच्या एका क्लबमध्ये तिची पहिली मोठी मॅच झाली. समोरची मुलगी वयाने मोठी, उंच. अस्मिता पहिला सेट हरली. दुसऱ्या सेटमध्ये ती बॉलमागे अशी काही आडवी-तिडवी धावली, की प्रेक्षकांतले एक आजोबा म्हणाले, "ही पोरगी दमते की नाही?" ती जिंकली. नरेंद्र तोपर्यंत मागे एका झाडाखाली उभे होते, अगदी रस्त्यावरून जाता जाता थांबल्यासारखे. ते पुढे आले. त्यांनी आमची पिशवी उचलली आणि स्वतःच्या खांद्याला लावली. घरी पोहोचेपर्यंत ती खाली ठेवली नाही.

पण मित्रांनो, पाय वाढतो. बूट वाढत नाही.

एके दिवशी अस्मिताचा अंगठा माझ्या टोकाला अलगद टेकला. मला वाटले, चुकून टेकला असेल. काही दिवसांनी तो टेकूनच राहिला. मग आपटू लागला. ती थांबायची, टाच मागे ओढून घ्यायची आणि पुन्हा धावायची. घरी कुणाला काही बोलली नाही. मी माझे कापड ताणायचा किती प्रयत्न केला! पण साच्यावर एकदा ठरलेला आकार बदलत नाही. मला तिला सोडायचे नव्हते. तिलाही मला सोडायचे नव्हते. म्हणून आम्ही दोघेही गप्प राहिलो.

चिंतामणीकाकांच्या लक्षात आले. तिची पावले आखूड पडत होती.

"अस्मिता, इकडे ये. बूट काढ. मोजाही काढ."

अंगठ्याचे नख काळेनिळे झाले होते.

"किती दिवस झाले हे?"

"थोडेच."

"मग बोलली का नाहीस?"

"मला हेच हवेत, काका. ह्यांच्यातच मी जिंकले."

काका तिच्याशेजारी जमिनीवर बसले. गुडघे दुखत असूनही बसले. "बाळा, बुटानं पाय सांभाळायचा असतो. पायानं बूट सांभाळायचा नसतो. तू त्याच्यावर माया करतेस ते चांगलंच आहे. पण तो आता तुला दुखावतोय."

ते ऐकताना मला कोर्टमध्ये गाडून घ्यावेसे वाटले. ज्या पायासाठी मी इतकी वाट पाहिली, त्याला मीच टोचत होतो. त्या संध्याकाळी मायाने आमच्या नाड्या घट्ट बांधल्या आणि आम्हाला रॅकच्या तळाशी ठेवले. दुसऱ्या दिवशी वरच्या कप्प्यात निळ्या बुटांची नवी जोडी आली. तीही संध्याकाळी, मोजे घालून, आडव्या उड्या मारून निवडलेली. त्यांच्यात काही खोट नव्हती. मी त्यांचा राग करायचा प्रयत्न केला, पण जमले नाही. सकाळी ते जायचे, घामेजून परत यायचे आणि त्यांच्या अंगाला कोर्टचा वास यायचा. तो वास घेत मी पडून राहायचो.

मग तोही वास बंद झाला. अस्मिताला पुण्याच्या एका प्रशिक्षण केंद्रात प्रवेश मिळाला. तिथेच राहायचे, तिथेच शाळा. निघायच्या दिवशी दारात नुसती धांदल होती. लिफ्टचे दार उघडून नरेंद्र हाका मारत होते. अस्मिता बाहेर आली, निळे बूट चढवले, आणि जाता जाता वाकून तिने आम्हा दोघांना सरळ केले. एकाशेजारी एक. लिफ्ट खाली गेली.

त्यानंतर लिफ्ट दिवसातून कितीदा तरी वर यायची. दरवेळी मी कान टवकारायचो. कधी दूधवाला, कधी शेजारचे पाहुणे. माझ्यावर धूळ साचली, भावाच्या पोटात कोळ्याने जाळे विणले. "हे जुने बूट टाकून देऊ या का?" नरेंद्रनी एकदा विचारले. "राहू दे," माया म्हणाली.

एका सकाळी मायाच्या चपलेचा अंगठा तुटला. खाली कंपनीची बस हॉर्न वाजवत होती. तिने इकडे तिकडे पाहिले, आम्हा दोघांना ओढून काढले, जाळे झटकले आणि पाय आत घातला.

आणि ती दारातच थबकली. मीही थबकलो. तसाच पसरट, पंख्यासारखा पाय. तशीच उजवीकडे झुकलेली करंगळी. फक्त टाचांना भेगा होत्या आणि ह्या पायाला धावायची सवय नव्हती.

"काय झालं?" आतून नरेंद्रनी विचारले.

"काही नाही," माया म्हणाली. "पोरीनं पाय माझे घेतलेत."

त्या दिवसापासून मी कारखान्यात जाऊ लागलो. पंजाबी ड्रेसखाली माझे मळके पांढरे टोक बघून तिची मैत्रीण म्हणाली, "काय माया, शर्यतीला निघालीस काय?" माया म्हणाली, "लेकीचे आहेत." हे दोन शब्द ती दिवसातून कितीदा तरी म्हणायची. कुणी विचारले नाही तरी म्हणायची. सिमेंटच्या फरशीवर दिवसभर उभे राहून तिच्या टाचा पूर्वी ठणकायच्या, त्या जरा कमी ठणकू लागल्या. मी खेळासाठी जन्मलो होतो, उभे राहण्यासाठी नव्हे. तरी मी तिला जमेल तितका आधार दिला.

पण खोटे कशाला बोलू? मला त्या झेपेची आठवण यायची. आणि मायालाही कुणाची तरी यायची. संध्याकाळी बसमधून उतरली की तिची पावले कोर्टपाशी आपोआप मंदावायची. ती तारेच्या जाळीत बोटे अडकवून उभी राहायची. आत कधी गेली नाही. कुणी अडवले नव्हते, पण ती जागा खेळणाऱ्यांची, आपली नव्हे, असे तिने मनाशी धरले होते. तिथेच उभी राहून ती फोन लावायची.

"जेवलीस का? नख बरं आहे ना?"

"हो गं आई. ठेवते हां, प्रॅक्टिस आहे."

फोन बंद व्हायचा. माया मात्र तो कानाला तसाच धरून थोडा वेळ उभी राहायची. मी तिच्या पायाखाली होतो, म्हणून मला माहीत.

हिवाळ्यात उल्हासनगरला स्पर्धा भरली आणि अस्मिता खेळायला आली. माया अर्ध्या दिवसाची रजा टाकून थेट कारखान्यातून गेली. मी कुंपणाबाहेरून तिला पाहिले. केवढी उंच झाली होती! निळे बूटही आता नव्हते, त्याहून मोठी करडी जोडी होती. ती पहिल्याच फेरीत हरली. नुसती हरली नाही. तिच्या पायांत काही जीवच नव्हता. बॉल लांब पडला की ती आधीच थांबायची.

घरी जेवताना अस्मिता एकदम म्हणाली, "मला नाही जायचं परत पुण्याला."

नरेंद्रनी मायाकडे पाहिले.

"तिथं सगळ्या माझ्यापेक्षा भारी आहेत. रोज हरते मी. रोज सकाळी उठून हरायचं. मला इथं राहायचंय."

नरेंद्र काही बोलणार होते, मायाने त्यांना खुणेने थांबवले. "बरं," ती एवढेच म्हणाली. "आधी भात खा."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी खालून आवाज आला. टप्प, टप्प. माया गॅलरीत गेली, खाली पाहिले, आणि मला पायात चढवून जिन्यानेच उतरली. अस्मिता एकटीच भिंतीवर बॉल मारत होती. माया नेहमीसारखी जाळीपाशी थांबली.

"आई, बाहेर का उभी? आत ये ना."

"मी कशाला आत? तू खेळ."

अस्मिताचे लक्ष मायाच्या पायांकडे गेले. ती जवळ आली. "हे माझे आहेत ना? तू कधीपासून घालतेस?"

"चप्पल तुटली होती एकदा. मग राहिलेच पायात."

"तू बोलली नाहीस कधी फोनवर."

"तुला कुठे वेळ असतो?" माया हसून म्हणाली. पण तिचा आवाज हसला नाही.

अस्मिताने फाटक उघडले, आईचा हात धरून तिला आत ओढले आणि रॅकेट तिच्या हातात दिली. स्वतः पिशवीतून दुसरी काढली. "मी हळू टाकते. तू फक्त मार."

मायाचा पहिला फटका थेट पार्किंगमध्ये गेला. कुणाच्या तरी गाडीवर धप्प. वॉचमन हसत बॉल घेऊन आला. दुसरा जाळीत अडकला. तिसरा तिच्या रॅकेटला लागलाच नाही. अस्मिता पोट धरून हसत होती, आणि तिला तसे हसताना बघून मायाला चेव चढला. तिने ओढणी कमरेला बांधली. पुढचा बॉल जरा उजवीकडे पडला. माया विचार न करता झेपावली.

ती झेप! माझा सोल झिजलेला, टाच विरलेली, पण कड अजून शाबूत होती. मी तिला धरले. सगळे बळ लावून धरले. पाऊल मुडपले नाही. बॉल रॅकेटच्या कडेला लागून कसाबसा उडाला आणि जाळीवरून पलीकडे पडला.

"अगं आई!" अस्मिता जागच्या जागी उडाली. "घेतलास तू! तो घेतलास!"

"अजून टाक," माया धापा टाकत म्हणाली. "अजून."

ऊन चढेपर्यंत त्या खेळल्या. माया बहुतेक सगळे बॉल हरली. हरली की म्हणायची, "अजून." शेवटी दोघी रेघेवर फतकल मारून बसल्या. अस्मिता म्हणाली, "आई, तुला हरायचं काहीच वाटत नाही?"

"हरायचं काय? मला तर आज आत यायला मिळालं."

अस्मिताने आईच्या खांद्यावर डोके टेकले. करड्या बुटांतले तिचे पाय माझ्याशेजारी पसरलेले होते. इतक्या जवळ, की त्यांची ऊब मला लागत होती. त्यांच्यात मी आता कधीच मावणार नव्हतो. मी तसाच तिथे राहिलो, जितका वेळ त्या बसल्या तितका वेळ.

संध्याकाळी अस्मिताने पुण्याला परत जायची बॅग भरली. कुणी तिला जा म्हणाले नव्हते.

आता रविवारी सकाळी माया कोर्टवर जाते. चिंतामणीकाका खुर्चीत बसून तिला ओरडतात, "गुडघे वाकव, माया!" मी आहे तोवर आहे. नवे बूट घे म्हणून अस्मिता फोनवर रोज आईच्या मागे लागते, आणि ती घेईलही. घ्यायलाच हवेत. लिफ्ट वर आली की मी अजून कान टवकारतो, ते मात्र सुटत नाही.

मित्रांनो, बूट घ्यायला जाल तेव्हा दिसण्याला भुलून पायाशी खोटे बोलू नका. उभे राहा, उडी मारा, बोटे हलतात का बघा. पाय वाढला आणि बूट टोचू लागला, तर तो कितीही लाडका असला तरी काढा. तो रागावणार नाही. आम्हाला सावलीत वाळवा, आमच्या नाड्या सोडून पाय काढा. आणि काढलेला बूट कचऱ्यात टाकण्याआधी घरातल्या माणसांच्या पायांकडे एकदा नीट बघा. तुम्हाला तुमचा पाय कुणाकडून तरी मिळाला आहे. कदाचित ते माणूस तुटक्या चपला घालून कुठेतरी जाळीबाहेर उभे असेल.